शक्ती आणि उष्णता : वाऱ्याने थंड होणाऱ्या इंजिनाची जुळणी



शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या एखाद्या स्कूटरजवळ जाऊन तिच्या इंजिनाच्या बाजूची जाळी तुम्ही कधी न्याहाळून पाहिली आहे काय? त्या जाळीमागे एक पंखा असतो. इंजिन फिरू लागले की तो पंखाही फिरू लागतो आणि इंजिनाच्या तापलेल्या अंगावरून वारा खेळवतो. ज्या इंजिनांत पाणी खेळवलेले नसते, त्यांचा सारा ताप असा वाऱ्यानेच हरण करावा लागतो. अशा इंजिनाची शक्ती वाढवायची झाल्यास त्याचे सुटे भाग कोणत्या विचाराने निवडावेत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय यंत्राचा असला, तरी त्यात पदार्थविज्ञान आहे, गणित आहे आणि थोडे व्यवहारज्ञानही आहे.

प्रारंभी आमच्या स्वतःच्या अविचाराची एक हकीकत सांगणे योग्य होईल. आम्ही महाविद्यालयात शिकत असताना आमच्या मामांकडे एक जुनी स्कूटर होती. तिच्या इंजिनावर पत्र्याचे एक आवरण होते. ‘हे आवरण काढून टाकले, तर उघड्या इंजिनाला वारा अधिक लागेल आणि गाडी अधिक जोमाने पळेल’, असा शोध आम्ही एका सुटीत लावला. मामांना न विचारता आवरण काढले आणि एका मित्रास मागे बसवून केरीहून चोर्ला घाट चढू लागलो. अर्ध्या घाटात इंजिनाचा आवाज बदलला, मागचे चाक एकाएकी जखडले आणि गाडी जागच्या जागी थांबली. दैव बलवत्तर म्हणून आम्ही पडलो नाही. गॅरेजमध्ये इंजिन उघडले, तेव्हा दट्ट्यावर वरपासून खालपर्यंत ओरखडे उठलेले दिसले. मामांना पुढे महिनाभर कामावर बसने जावे लागले. ते रागावले नाहीत. तो खराब झालेला दट्ट्या आमच्या हाती देऊन एवढेच म्हणाले, “वाऱ्याक वाट जाय रे.” वाऱ्याला वाट लागते! पंख्याचा वारा पंखांपंखांतून नेमका नेण्यासाठीच ते आवरण होते; ते काढल्याबरोबर वारा बाहेरच्या बाहेर पांगला आणि इंजिन तापून अडकले. पदवीपर्यंतच्या शिक्षणाने जे आम्हास उमगले नव्हते, ते त्या एका वाक्याने उमगले.

उदाहरणासाठी घेतलेले इंजिन

या विषयाच्या अभ्यासास जर्मनीच्या फोक्सवागेन कंपनीच्या ‘बीटल’ मोटारीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. फर्डिनांड पोर्श यांच्या आराखड्यावरून सिद्ध झालेली ही भुंग्याच्या आकाराची मोटार दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. मेक्सिकोतील प्वेब्ला येथे ३० जुलै २००३ रोजी शेवटची बीटल बाहेर पडली, तोपर्यंत अशा २ कोटी १५ लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या होत्या. आपल्याकडे ती क्वचितच दृष्टीस पडते. पुण्याजवळ चाकण येथे याच कंपनीचा कारखाना २००९ पासून आहे, पण तेथील मोटारींची इंजिने पाण्याने थंड होणारी आहेत.

बीटलचे इंजिन गाडीच्या मागील बाजूस असते. त्याची चार नळकांडी दोन डावीकडे व दोन उजवीकडे अशी आडवी निजलेली असतात. रेडिएटर नाही, पाणी नाही. त्यामुळे जर्मनीच्या कडक हिवाळ्यात गाडी रात्रभर उघड्यावर राहिली, तरी पाणी गोठून इंजिन फुटण्याचे भय नाही. प्रत्येक नळकांड्याभोवती पातळ पंखांच्या रांगा असतात. वर उभ्या असलेल्या पत्र्याच्या पेटाऱ्यात एक मोठा पंखा फिरतो, तो वारा खाली ढकलतो, आणि पंखांची उष्णता घेऊन तो वारा गाडीच्या खालून निघून जातो. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबराच्या पट्ट्या अशा बसवलेल्या असतात की, खाली गेलेला गरम वारा पुन्हा वर येऊन पंख्याच्या तोंडी लागू नये.

या मोटारीचे चाहते जगभर आहेत. जर्मनीत आणि विशेषतः अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, तिचे साधे इंजिन उघडून ते अधिक शक्तिमान करण्याचा छंद अनेक दशके चालत आला आहे. त्यासाठी लागणारे भाग निरनिराळ्या मापांचे मिळतात. अडचण भाग मिळण्याची नसून निवडण्याची आहे.

शक्ती येते कोठून?

इंजिन ही मूलतः हवा ओढणारी एक भात्यासारखी वस्तू आहे. जितकी अधिक हवा आत येईल, तितके अधिक पेट्रोल तिच्याबरोबर जळू शकेल. आणि जितके अधिक जळेल, तितकी शक्ती अधिक. म्हणून शक्ती वाढवण्याचे मार्ग मोजकेच आहेत : नळकांड्यांची घनक्षमता वाढवणे, आत घेतलेले मिश्रण अधिक दाबणे, हवेची आत येण्याची व धुराची बाहेर जाण्याची वाट मोकळी करणे, आणि हे सारे एका मिनिटात अधिक वेळा घडवून आणणे.

परंतु या हिशेबाची दुसरी बाजू विसरता कामा नये. पेट्रोलच्या ज्वलनातून निघणाऱ्या ऊर्जेचा सुमारे चौथा हिस्साच अशा इंजिनात फिरण्याच्या कामी येतो. बाकीची धुराबरोबर आणि इंजिनाच्या अंगातून उष्णतेच्या रूपाने निघून जाते. शक्ती वाढली की ही उष्णताही वाढते. पाण्याच्या इंजिनात मोठा रेडिएटर बसवून भागते. वाऱ्याच्या इंजिनात मात्र पंखा तोच, पंखांच्या रांगा त्याच आणि ताप अधिक, अशी स्थिती होते. म्हणून येथे प्रत्येक भाग निवडताना दोन प्रश्न विचारावे लागतात : हा भाग शक्ती किती देईल? आणि त्याबरोबर येणारी उष्णता कोण वाहून नेईल?

प्रथम हेतू, मग भाग

नवशिका मनुष्य आधी भाग विकत घेतो आणि मग त्यांचे काय करावे याचा विचार करतो. जाणता कारागीर आधी विचारतो, ‘गाडी कशासाठी हवी?’ रोज बाजारहाट करणारी, घाट चढणारी, चार माणसे नेणारी गाडी एका प्रकारची. पाव मैलाच्या शर्यतीत काही सेकंद धावून थांबणारी गाडी दुसऱ्या प्रकारची. शर्यतीच्या इंजिनाला तापून जाण्याइतका अवकाशच नसतो. रोजच्या गाडीला तो रोज मिळतो. आपण येथे रोजच्या वापराची, परंतु मूळच्यापेक्षा जोमदार अशी गाडी डोळ्यांपुढे ठेवू.

नळकांडी आणि थोडे गणित

बीटलच्या १६०० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंजिनात नळकांड्याचा व्यास ८५.५ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ६९ मिलिमीटर असते. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र तुम्हास ठाऊक आहे. त्रिज्या ४.२७५ सेंटिमीटर, तिचा वर्ग सुमारे १८.२८, त्यास ३.१४१६ ने गुणल्यास पृष्ठफळ ५७.४ चौरस सेंटिमीटर, त्यास ६.९ ने गुणल्यास एका नळकांड्याची घनक्षमता सुमारे ३९६ घन सेंटिमीटर. चार नळकांड्यांची मिळून ती सुमारे १,५८५ होते.

आता व्यास ९०.५ मिलिमीटर करा आणि धाव तीच ठेवा. एका नळकांड्याची घनक्षमता सुमारे ४४४ आणि चारांची सुमारे १,७७५ घन सेंटिमीटर भरते. व्यास अवघा ५ मिलिमीटरांनी वाढला, पण घनक्षमता शेकडा १२ ने वाढली, कारण पृष्ठफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. छंदिष्टांमध्ये १७७६ या आकड्याने प्रसिद्ध असलेली हीच जुळणी होय. धाव वाढवायची तर नवा क्रँकशाफ्ट घ्यावा लागतो, आणि तो फिरताना आतल्या भिंतींस लागू नये म्हणून क्रँककेस आतून कोरावी लागते. पहिल्या प्रयत्नात त्या वाटेस न जाणेच शहाणपणाचे.

येथे एक मोह आडवा येतो. ८८ मिलिमीटर व्यासाची नळकांडी अशी मिळतात की ती मूळच्या भोकात जशीच्या तशी बसतात. काही कोरावे लागत नाही, खर्च वाचतो. पण बाहेरचे माप तेच ठेवून आतला व्यास वाढवायचा म्हणजे भिंत पातळ करावी लागते. पातळ भिंत तापली की वाकडी होते, गोल नळकांडे किंचित लंबवर्तुळाकार होते, दट्ट्यावरील कड्या नीट बसत नाहीत आणि तेल जळू लागते. ९०.५ च्या नळकांड्यांसाठी क्रँककेस व माथे यांतील भोके यंत्रावर मोठी करून घ्यावी लागतात. खर्च अधिक होतो, पण भिंत जाड राहते. स्वस्त भाग आणि स्वस्त इंजिन या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

दाब किती असावा?

दट्ट्या तळाशी असताना त्याच्या वर जेवढी जागा असते, तिला दट्ट्या माथ्याशी पोहोचल्यावर उरलेल्या जागेने भागले की संपीडन गुणोत्तर मिळते. मूळच्या इंजिनात ते ७.५ धरू. म्हणजे माथ्याशी सुमारे ६१ घन सेंटिमीटर जागा उरते, कारण ३९६ अधिक ६१ यांस ६१ ने भागल्यास ७.५ येतात. आता नळकांडी ९०.५ ची बसवली आणि उरलेली जागा तीच राहिली असे मानले, तर ४४४ अधिक ६१ यांस ६१ ने भागून सुमारे ८.३ हे गुणोत्तर येते. माथ्यास हातही न लावता दाब वाढला!

आता दट्ट्याचा वरचा पृष्ठभाग नळकांड्याच्या कडेपासून किती खाली राहतो ते पाहा. हे अंतर अर्ध्या मिलिमीटरने जरी कमी झाले, तरी सुमारे ३.२ घन सेंटिमीटर जागा नाहीशी होते आणि गुणोत्तर ८.७ पर्यंत चढते. नखाच्या जाडीएवढा हा फरक! दाब प्रमाणाबाहेर गेला की ठिणगीने पेटवलेली ज्वाला सर्वत्र पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. इंजिनातून खडखड असा आवाज येतो, दट्ट्याच्या माथ्यास भोक पडू शकते, झडपांच्या बैठकींमधला ॲल्युमिनियमचा माथा तडकू शकतो. तापलेल्या इंजिनात हे संकट अधिक लवकर ओढवते. म्हणून रोजच्या गाडीसाठी आठ ते साडेआठ यांच्या आसपास थांबावे, आणि नळकांड्याखाली योग्य जाडीच्या कड्या घालून ते माप प्रत्यक्ष मोजून साधावे. अंदाजाने साधू नये.

घनक्षमता न वाढवताही शक्ती वाढते, याचा इतिहासात उत्तम दाखला आहे. १९४८ साली ऑस्ट्रियातील ग्म्युंड या गावी पोर्श यांच्या नावाची पहिली मोटार सिद्ध झाली. तिच्यात फोक्सवागेनचेच १,१३१ घन सेंटिमीटरचे इंजिन होते. मूळ इंजिन २५ अश्वशक्तीचे. माथ्यांत सुधारणा करून व दाब वाढवून ते ३५ अश्वशक्तीपर्यंत नेले होते. नळकांडी तीच, पण श्वास मोकळा झाला.

श्वासाची वाट

हवेची वाट साखळीसारखी आहे : कार्ब्युरेटर, नळी, माथ्यातील मार्ग, झडप, आणि मग धुराची नळी. यातील सर्वांत अरुंद जागा जेवढी असेल, तेवढीच हवा जाईल. मूळच्या गाडीत मधोमध एकच कार्ब्युरेटर असतो आणि तेथून लांब नळ्या दोन्ही बाजूंच्या माथ्यांकडे जातात. मोठ्या इंजिनास प्रत्येक माथ्यावर एक असे दोन कार्ब्युरेटर अधिक मानवतात. मात्र दोघांची झडप एकाच क्षणी, एकाच प्रमाणात उघडावी लागते. ते साधले नाही तर एक बाजू ओढते व दुसरी अडते, एकाच जुवाखालील दोन बैलांनी निरनिराळ्या वाटा धराव्यात तसे.

कॅमशाफ्टची निवड सर्वांत नाजूक. झडप किती उंच उचलावी आणि किती वेळ उघडी ठेवावी, हे त्याच्या उंचवट्यांवर ठरते. दट्ट्याची एक धाव म्हणजे क्रँकशाफ्टचे १८० अंश. पण हवेलाही वेग घेण्यास व थांबण्यास काळ लागतो, म्हणून झडप त्याहून अधिक काळ उघडी ठेवतात. जोमदार परंतु रस्त्यावर वापरता येईल अशा कॅमशाफ्टचा हा काळ सुमारे २८४ अंश असतो. शर्यतीचा कॅमशाफ्ट याहून लांब काळाचा असतो. वेगात तो उत्तम चालतो. पण मंद गतीत, झडप उशिरा मिटल्यामुळे आत आलेले मिश्रण परत बाहेर लोटले जाते, इंजिन धडधडते आणि बाजारातल्या गर्दीत गाडी चालवणे नकोसे होते. हेतू आधी ठरवावा असे आम्ही म्हटले, त्याचे कारण येथे दिसते. आणखी एक नियम असा की, नव्या कॅमशाफ्टबरोबर त्यावर घासणारे टॅपेटही नवेच घालावेत. जुने टॅपेट जुन्या उंचवट्यांशी झिजून जुळलेले असतात. नव्याशी त्यांचे जमत नाही आणि ते त्याला खाऊन टाकतात.

ताप आणि तेल

आता सर्वांत महत्त्वाचा, पण खरेदीच्या यादीत बहुधा सर्वांत शेवटी लिहिला जाणारा भाग. बीटलच्या इंजिनात सुमारे अडीच लिटर तेल असते. ते केवळ वंगण नव्हे. पाण्याचे अर्धे काम तेच करते. मूळच्या इंजिनात तेलासाठी केवळ जाळीचा गाळ-अटकाव होता, खरा फिल्टर नव्हता. शक्ती वाढवताना सारे तेल फिल्टरमधून नेण्याची सोय करावी, तेलाचा पंप सुस्थितीत आहे याची खात्री करावी, आणि तेल थंड करणाऱ्या जाळीकडे लक्ष द्यावे. जुन्या रचनेत ही जाळी पंख्याच्या पेटाऱ्यातच असे. तिच्यामुळे तिसऱ्या नळकांड्याकडे जाणारा वारा अडे आणि ते इतरांहून अधिक तापे. १९७१ सालच्या गाड्यांपासून ती जाळी बाजूला हलवून तिला स्वतंत्र वाट दिली गेली. कारखान्यातील तज्ज्ञांनाही वाऱ्याची वाट दुरुस्त करावी लागली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

चकचकीत दिसते म्हणून इंजिनाभोवतीचे पत्रे काढणारे लोक तिकडेही आहेत. आमच्या घाटातील पराक्रमाचेच ते बंधू! दुसरे काही जण पंखा फिरवणारी पुली लहान घालतात. पंखा हळू फिरतो, त्यासाठी लागणारी थोडी शक्ती वाचते, पण त्याबरोबर वाराही घटतो. ताप वाढवून थंडावा कमी करण्याचा हा व्यापार तोट्याचा आहे.

बांधणी आणि तोल

क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते. प्रयोगशाळेत झगझगीत प्रकाशाने जळणारी मॅग्नेशियमची फीत तुम्ही पाहिली असेल; तोच हा धातू. तो हलका, पण मऊ; वारंवार तापल्याने व आपटल्याने त्यातील बेअरिंगच्या जागा सैल होतात. जुन्या झिजलेल्या क्रँककेसमध्ये नवे, शक्तिमान भाग घालणे म्हणजे खचलेल्या जोत्यावर माडी चढवणे होय. फ्लायव्हील एका मोठ्या नटाने आणि चार खुंट्यांनी बसवलेले असते. शक्ती वाढवली की या खुंट्या आठ करतात. दट्ट्ये आणि त्यांचे दांडे तराजूवर तोलून एकमेकांशी ग्रॅम-दोन ग्रॅमांपर्यंत जुळवतात. या कामास पैसा थोडा लागतो, धीर मात्र पुष्कळ लागतो. आणि इंजिन दीर्घकाळ टिकते ते बहुधा याच कामामुळे.

तात्पर्य

आमच्या टेबलाच्या खणात तो ओरखडलेला दट्ट्या अजून आहे. सामान्यविज्ञानाच्या तासाला तो आम्ही वर्गात फिरवतो आणि त्याची हकीकतही लपवत नाही. भाग निवडताना प्रत्येक भाग उत्तमच हवा असा हट्ट नको. सारे भाग एकमेकांस साजेसे हवेत. मोठी नळकांडी, पण अरुंद नळी. उत्तम कॅमशाफ्ट, पण झिजलेली क्रँककेस. अधिक शक्ती, पण थंडाव्याचा विसर : या जुळण्या कागदावर शोभतात, घाटात शोभत नाहीत. अधिक बळाची इच्छा गैर नाही. मात्र बळाबरोबर येणाऱ्या तापाची वाट आधी मोकळी करावी, आणि मगच बळ वाढवावे. दुसऱ्याची वस्तू हाती घेताना आधी विचारावे, हे तर निराळे सांगावयास नकोच.

स्वाध्याय

१. नळकांड्याचा व्यास ९४ मिलिमीटर व धाव ६९ मिलिमीटर असल्यास चार नळकांड्यांची एकूण घनक्षमता काढा.

२. एका नळकांड्याची घनक्षमता ४४४ घन सेंटिमीटर आहे. संपीडन गुणोत्तर ८ ठेवायचे असल्यास माथ्याशी किती जागा ठेवावी लागेल?

३. घरच्या किंवा शेजारच्या स्कूटरचे इंजिन थंड असताना, मालकाच्या परवानगीने, तिचा पंखा व पत्र्याचे आवरण पाहा. वारा कोठून आत येतो आणि कोठून बाहेर जातो, याची आकृती काढून आम्हास दाखवा. आवरण मात्र काढू नका!